शेवटच्या शर्यतीचे गाऱ्हाणे

पाववाल्या पोदेराचा भोंपू अंगणाशी वाजला आणि कमलाक्षीने नेहमीच्या दुप्पट उंडे पाव घेतले.

"सोयरे येवपाचे आसात?" पोदेराने सायकलवरची टोपली झाकत विचारले.

"सोयरे न्हय रे. आज शेवटची शर्यत."

"म्हणजे सेजल येतली आतां घरा," असे म्हणून त्याने सायकल वळवली आणि भोंपू वाजवत तो पुढच्या वाड्यावर गेला.

कमलाक्षी उंड्यांची गरम पिशवी पोटाशी धरून तिथेच उभी राहिली. म्हणजे लाटंबार्से गावभर झाले होते तर. शर्यतींचा हंगाम संपणार आणि पोर परत येणार, हे पोदेरालासुद्धा ठाऊक. नव्हते ठाऊक ते एवढेच, की पोरीच्या आईला ती परत यायला नको होती. म्हणजे हवी होती, का नसेल? रोज संध्याकाळी दिवा लावताना हवी असायची. पण गेल्या आठवड्यात सेजलने फोनवर एक गोष्ट सांगितली होती.

"आई, पुढल्या सीझनाक गाडयेची मुख्य मेकॅनिक म्हणून हांव रावतलें काय, म्हणून विचारतात," एवढेच ती म्हणाली होती. राहू का, असे तिने विचारले नाही. हट्ट केला असता, रडली असती, तर आईला चार शब्द ऐकवता तरी आले असते.  पण पोरीला देवापुढे घातलेले गाऱ्हाणे ठाऊक होते.

आत गौरेशने आपला मोबाईल टीव्हीला जोडला होता आणि वायर हलू नये म्हणून तिच्यावर अडकित्ता ठेवला होता. हा सुधीरचा मुलगा, औषधांच्या कारखान्यात नोकरीला. आज त्याने शर्यतीसाठी पाळी बदलून घेतली होती. सुधीर, कमलाक्षीचा धाकटा दीर, लग्नाला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्याची बायको मंजुळा स्वयंपाकघरात पातळभाजीला शेवटची कढ आणत होती. आणि टीव्हीच्या अगदी समोर, वेताच्या खुर्चीत, काठी गुडघ्यांमध्ये धरून घरातले सगळ्यात मोठे माणूस बसले होते. सासरे, गोकुळदास. टीव्हीशेजारी ताटलीत सोललेला नारळ आणि विड्यांचे एक बंडल. आज शर्यत संपली की ते वडाखालच्या राखणदार देवाला जायचे होते.

"सुरू जालें?" कमलाक्षीने विचारले.

"अजून वेळ आसा काकी. थंय आतां दुपार," गौरेश म्हणाला. "गाडयो रांगेत लावतात."

या घराला गाड्यांच्या रांगा नवीन नव्हत्या. खाणी चालू होत्या त्या दिवसांत याच अंगणातून गोकुळदासांचे ट्रक पहाटे निघत, खाणीवर खनिज भरत आणि नदीच्या धक्क्यावर ओतत. तिथून ते बार्जमधून मुरगावला आणि पुढे जहाजाने कुठल्या कुठे. मग खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभे राहिले ते राहिलेच. चाकांभोवती गवत माजले, एका केबिनमध्ये तर कोंबडीने अंडी घातली. त्याच वर्षात कमलाक्षीचा नवरा अनंत काविळीने गेला. सेजल तेव्हा शाळेत होती. बापाविना पोर दिवसचे दिवस बोलायची नाही. एका शनिवारी गोकुळदासांनी तिला हाक मारली आणि म्हणाले, "यो गो, इंजिनां सुरू करूंया. बसून रावलीं तर मरतलीं." तेव्हापासून दर शनिवारी आजा आणि नात उभ्या ट्रकांची इंजिने चालू करीत. आधी ती नुसती किल्ली फिरवायची. मग बॉनेट उघडू लागली. मग चटई घेऊन ट्रकखालीच शिरली. शेजारच्या बायका कमलाक्षीला म्हणायच्या, अगो, पोरीच्या नखांत ग्रीस, उद्या कोण करणार हिला? कमलाक्षी हसून वेळ मारून न्यायची. मनातून ती त्या ट्रकांचे, त्या म्हाताऱ्याचे आणि त्या ग्रीसचेसुद्धा उपकार मानत होती, कारण पोर पुन्हा बोलू लागली होती.

अशी ही पोर शिकायला म्हणून मेलबर्नला गेली आणि एका छोट्या रेसिंग संघाच्या वर्कशॉपात चिकटली. ऑस्ट्रेलियात टुरिंग कारच्या शर्यतींची एक मोठी मालिका असते आणि तिच्याच सावलीत, त्याच रस्त्यांवर, दुसऱ्या फळीची मालिका चालते. वरच्या मालिकेत वापरून झालेल्या गाड्या खालचे संघ विकत घेतात, दुरुस्त करतात आणि नव्या दमाच्या पोरांना चालवायला देतात. सेजलने हे पहिल्यांदा समजावून सांगितले तेव्हा गोकुळदासांनी एकच विचारले होते, "म्हणजे सेकंडहँड?"

"हय आजो."

"मागीर बरें. नव्या गाडयेक माणसाची सवय नसता."

आणि तेवढ्यावर ती मालिका या घराची झाली.

"उंडे गरम आसात तंवर खावन घेयात," मंजुळा वाट्या घेऊन बाहेर आली. "मागीर कोणाक भान रावचें ना."

सुधीरने उंडा मोडला, पातळभाजीत बुडवला आणि खाता खाताच मुख्य विषयाला हात घातला. "पेडण्याचीं माणसां आयतारा येतात, वयनी. हांवें हय सांगलां. चेडो बँकेत आसा, घर बरें, माणसां बरीं. सेजल म्हयन्याभरांत हांगा पावतली न्हय?"

कमलाक्षीने चहाचा कप सासऱ्यांपुढे ठेवला. "तिणें अजून तिकीट काढूंक ना."

"काढूंक ना म्हणजे? फेब्रुवारीत बाबांनी गाऱ्हाणें घातलें, आमी सगळ्यांनी व्हय म्हटलें. देवाक दिल्लो शब्द."

गाऱ्हाण्याची गोष्ट अशी होती. ट्रकांच्या जमान्यात दर मोसमाच्या सुरुवातीला गोकुळदास रस्त्याकडेच्या वडाखाली राखणदारासमोर उभे राहत. राखणदार म्हणजे नुसता शेंदराविना काळा दगड, पण या वाटेवरच्या सगळ्या चाकांचा धनी. त्याला नारळ ठेवायचा, विडी पेटवून ठेवायची आणि मोठ्याने मागायचे. मागणे कधी बदलले नाही. गाडी आणि गाडीबरोबरचे माणूस गेल्या वाटेने घरी परत आण. बाकीच्यांनी म्हणायचे, व्हय म्हाराजा. या फेब्रुवारीत, सेजलच्या संघाचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हातारा कितीतरी वर्षांनी पुन्हा वडाखाली उभा राहिला. आणि इतक्या वर्षांची सवय, जीभ आपसूक त्याच चाकोरीतून गेली. "ही गाडी आनी गाडयेवांगडाचें आमचें चेडूं, मोसम सोंपलो काय गेल्ले वाटेन घरा परत हाड रे म्हाराजा!" ट्रक संध्याकाळी परत यायचे, मोसम संपला की ड्रायव्हर आपापल्या गावी जायचे. तेच शब्द सातासमुद्रापलीकडच्या नातीला लागू झाले. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटले. कमलाक्षीनेही म्हटले, आणि म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आले.

सुधीरच्या मात्र तिथल्या तिथे ध्यानात आले आणि तो सुखावला. एक हंगाम हौस झाली, आता देवानेच परत यायचे ठरवले. कोण मोडणार?

"सवयीन उलयले ते बाबा," कमलाक्षी आज पहिल्यांदाच म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

सुधीर तिच्याकडे बघतच राहिला. "वयनी! देवामुखार उलयल्लें सवयीन म्हणून सोडपाचें?"

"सोडपाचें म्हणना हांव."

"मागीर?"

 मागितलेले परत द्यायची रीत होती, ती सगळ्यांना माहीत होती. ज्याने मागितले त्यानेच, त्याच जागी, दुसरा नारळ ठेवून ते परत द्यायचे आणि मागताना ज्यांनी ज्यांनी व्हय म्हटले त्या सगळ्यांनी पुन्हा व्हय म्हणायचे. एक जरी गप्प राहिला तर शब्द होता तसाच राहतो. पण सुनेने सासऱ्याला शब्द परत घ्या म्हणून सांगायचे? ज्या माणसाने तिच्या पोरीला मुकेपणातून ओढून बाहेर काढले त्याला? तिच्याच्याने ते होत नव्हते.

आणि सुधीरवर रागवावे तर तेही होत नव्हते. अनंत गेल्यावर या माणसाने पाठ फिरवली नाही. दहावीच्या परीक्षेला सेजलला स्कूटरवरून डिचोलीला हा न्यायचा, पेपर सुटेपर्यंत शाळेच्या फाटकाशी उन्हात उभा राहायचा. विमानतळावर सगळ्यात जास्त हाच रडला होता. पोर दूर गेली ती त्याच्या हातून निसटली, असे त्याला वाटत होते, बाकी काही नाही.

"आवशीक चेडूं घरा आयल्लें नाका, अशें खंय पळयलां तुमी?" सुधीर म्हणाला.

"तशें ती म्हणूंक ना," स्वयंपाकघराच्या दारातून मंजुळा म्हणाली.

"तूं तिच्या वाटेन कित्याक उलयता?"

"हांव कोणाच्याच वाटेन उलयना. उंडो खा, थंड जाता."

सुधीरने उंडा खाल्ला, पण बायकोकडे तिरक्या नजरेने बघत. पेडण्याच्या स्थळाची पहिली बातमी मंजुळाच्याच माहेरून आली होती. ती आता अशी बोलू लागली म्हणजे काहीतरी शिजत होते.  उंड्याची कवची चहात बुडवत म्हातारा टीव्हीवरच्या रांगेकडे डोळे लावून बसला होता.

"सुटल्यो!" गौरेश ओरडला.

गाड्या सुटल्या आणि मंजुळाही स्वयंपाकघरातून येऊन बसली. ॲडलेडचे शहरातले रस्ते, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती आणि त्या भिंतींना घासून जाणाऱ्या गाड्या. कमलाक्षीला पहिल्या शर्यतीत यातले काही कळले नव्हते. पहिला आला तो जिंकला, संपले, असे तिला वाटले होते. मग हळूहळू कळले की प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात आणि वर्षभराची बेरीज होते. सिडनीला त्यांची निळी गाडी मधेच कुठेतरी आली. पर्थच्या उन्हात थोडी पुढे सरकली. टाऊन्सव्हिलला टायर फाटला तरी फरपटत रेषेपार गेली. बाथर्स्टचा डोंगर गोकुळदासांना सगळ्यात आवडला. ही तर आमच्या खाणीची चढण, म्हणाले, आणि उतारावर खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पायांनी ब्रेक दाबत राहिले. ही गाडी एकदाही पहिली आली नव्हती. पण एकदाही वाटेत बसली नव्हती. जिंकणारे आपटत गेले, ही येत राहिली, आणि येता येता संपूर्ण हंगामात तिसऱ्या जागेपर्यंत येऊन पोचली. आज फक्त शर्यत पुरी करायची होती. मग तिसरी जागा पक्की, आणि त्या छोट्या संघाला पुढच्या वर्षी उभे राहायला पाठबळ. नाही पुरी झाली तर वर्कशॉपला कदाचित कुलूप, असे सेजल म्हणाली होती.

"आमचो चेडो खंय?" मंजुळाने विचारले. आमचा चेडा म्हणजे टोबी, गाडी चालवणारा तांबड्या केसांचा पोरगा. त्याच्या आईने सेजलला पहिल्या हिवाळ्यात लोकरीचा कोट दिला होता आणि कमलाक्षीने त्याबद्दल काजू आणि आमसुले धाडली होती. दोघी बायका एकमेकींचे तोंड न पाहता विहिणींसारख्या वागत होत्या.

"पांचवो. बरो आसा," गौरेश म्हणाला.

बरे चालले होते, आणि चालता चालता पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर घासल्या, त्यातली एक आडवी झाली आणि टोबीची निळी गाडी तिला चुकवताना डावीकडे भिंतीवर आदळली.

 गाडी थांबली नव्हती. मागचे डावे चाक वाकडे झाले होते, लंगड्या बैलासारखी फेंगडत ती रस्त्याकडेने येत होती.

"पिटांत घेता," गौरेश म्हणाला. "काकी, पिटांत घेता! सेजल आसा थंय!"

गाडी दुरुस्तीच्या पिटात आली आणि एकसारखे कपडे घातलेली चार-पाच माणसे तिच्यावर तुटून पडली. डोक्यावर हेल्मेटे, तोंडे दिसत नव्हती. पण त्यातले सगळ्यात ठेंगणे माणूस जॅक लागताच पाठीवर पडून गाडीखाली सरकले आणि कमलाक्षीला दुसरे काही बघावे लागले नाही. याच अंगणात, याच तऱ्हेने, एक खांदा आधी.

"ती मगो," मंजुळा पुटपुटली.

मग एक गंमत झाली. इतका वेळ घडी न मोडलेल्या शर्टात बसलेला सुधीर ताडकन उठला आणि टीव्हीवर ओरडू लागला. "सरळ करूंक बसूं नाका! वेळ ना! बांद ताका, बांद! गो सेजल, फाटल्या बाजून पळे!" त्याने खाणी बंद पडेपर्यंत याच घरचे ट्रक चालवले होते, अंगातला ड्रायव्हर काही गेला नव्हता. गौरेश हसू दाबत होता. "बाबा, तिका आयकूं येना," तो म्हणाला. "येता," सुधीर म्हणाला, आणि पुन्हा ओरडला.

बाकीच्या गाड्या फेऱ्यांमागून फेऱ्या मारत होत्या. समालोचक दुसऱ्याच कुणाबद्दल बोलू लागला होता, पण पडद्याच्या कोपऱ्यात निळ्या गाडीखालून दोन बूट दिसत होते. कमलाक्षी त्या बुटांकडे बघत राहिली. देवा, ती मनात म्हणाली, तिथे दुसऱ्याच्या मुलखात, कुणाच्या तरी पोराची गाडी माझी पोर उभी करते आहे. मला आणखी काय हवे? 

बूट हलले. माणूस बाहेर आले. गाडी जॅकवरून खाली पडली आणि गेली.

शेवटच्या फेऱ्या ती सगळ्यांच्या मागून धावली, पण धावली. झेंडा पडला तेव्हा गौरेशने उडी मारली, मंजुळाने डोळ्यांना पदर लावला आणि सुधीर खुर्चीत बसला तो पार घामाघूम. "पुरी केली," तो म्हणाला. "पुरी केली गो बायन."

पण म्हातारा अजून टीव्हीकडेच बघत होता. गाड्या परत आल्या होत्या. निळ्या गाडीभोवती माणसे नाचत होती, टोबी खिडकीतून बाहेर यायची धडपड करत होता. ठेंगण्या मेकॅनिकने हेल्मेट काढले. घामाने कपाळाला चिकटलेले केस, गालावर काळा पट्टा. सेजलने हातातला मोजा ओढून काढला, गाडीच्या पुढे गेली आणि उघडा तळवा तापलेल्या बॉनेटवर ठेवला. ओठ हलले. मग ती वळली आणि टोबीला बाहेर यायला हात दिला.

ती काय म्हणाली हे त्या खोलीत सगळ्यांना कळले. ट्रक संध्याकाळी अंगणात शिरला की ड्रायव्हर उतरायच्या आधी गोकुळदास त्याच्या बॉनेटवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "आयलें बाबा, घरा पावलें." आधी गाडी, मग माणूस. त्यांच्याशिवाय हे कुणी केले नव्हते. मुलांनीसुद्धा नाही. अनंत हसायचा, सुधीर घाईत असायचा.

गोकुळदास काठीवर जोर देऊन उठले.

"कमलाक्षी," ते म्हणाले, "दुसरो नाल्ल हाड."

 दुसरा नारळ कशासाठी ते विचारायची गरजच नव्हती. सुधीरने मान वर केली. "बाबा..."

"हाड गो."

ती कोठीच्या खोलीत गेली. नारळ तिने कालच सोलून, शेंडी विंचरून, तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता. सांगायचे धैर्य होणार नव्हते, तरी ठेवला होता. डबा सरकवला तर तिथे दोन नारळ होते. एक तिचा. दुसरा सुबकपणे सोललेला, शेंडीला तांबडा दोरा बांधलेला. असा दोरा या घरात एकच बाई बांधायची.

मंजुळा दारात उभी होती.

"तुवें कित्याक?" कमलाक्षीने विचारले.

"कोण जाणा," मंजुळा म्हणाली. "तुका जमचें ना अशें दिसलें.  माझ्या म्हायरच्यांक हांव सांगतां. चेडो बरो आसलो तर रावतलो, ना तर ताका दुसरी मेळटली." आणि मग एकदम हळू, "वयनी, तिचे ते बूट पळयले तुवें?"

कमलाक्षीने जावेचा हात घट्ट धरला. इतकी वर्षे एका चुलीवर काढली आणि ही बाई तिला आज कळली.

वडाखाली सकाळचे ऊन तिरपे पडले होते. काळ्या दगडासमोर गोकुळदासांनी पहिला नारळ ठेवला. गौरेशने विडी पेटवून दगडापुढे ठेवली. म्हाताऱ्याने टोपी सारखी केली, गळा साफ केला आणि आवाज चढवला.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या वाटेच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!"

"मोसमाच्या आरंभाक तुजेकडेन मागलें, तें तुवें दिलें. सिडनीच्यान पर्थाक, पर्थाच्यान त्या दोंगरार, खंय म्हणून गाडी वाटेर उडोवंक ना. भिंतीर आपटली, तरी घरा पावयली. माणूस अखंड दवरलें. तुजे उपकार आमी केन्नाच विसरचे ना रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हाताऱ्याने दुसरा नारळ हातात घेतला. 

"मागतना हांवें आनीक एक मागलें. चेडूं मोसम सोंपतकच परत हाड म्हणून. तें चुकून मागलें, आनी मागीर माकाच बरें दिसलें, म्हणून ओगी रावलों. म्हाताऱ्याक नात मुखार जाय आसता. पूण आतां पळयलें. जंय तिची गाडी येता आनी जंय ती गाडयेर हात दवरता, तेंय घरच. म्हणून तें एक मागणें हांव हांगा परत दितां. तिका येवपाक वाट आसूं दी, वचपाक वाट आसूं दी. तुजी राखण तिच्या फाटीर आसूं दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गौरेश म्हणाला. मंजुळा म्हणाली. कमलाक्षी म्हणाली.

सुधीर गप्प होता.

रस्त्यावरून एक दुचाकी गेली. विडीचा धूर सरळ वर चढत होता. म्हातारा मागे वळून बघत नव्हता. नारळ हातातच धरून तो उभा होता, कारण सगळ्यांचा होकार आल्याशिवाय तो खाली ठेवता येत नाही.

"अनंतान माझो हात धरून सांगिल्लें," सुधीर शेवटी म्हणाला, दगडाकडे बघत. "तिका बरी उबी कर म्हणून. हांवें व्हय म्हटलां ताका. तें खंय परत दिवं?"

कमलाक्षी त्याच्याजवळ गेली. एरवी ती दिराशी हातभर अंतर राखून बोलायची.

"तें परत दिवपाचें नाच, भावजी. ह्यांणी सांगिल्लें तें तुमी केलां. फाटकार उन्हांत उबे रावून केलां. ती उबी जाली. आतांच पळयली न्हय तुमी, टीव्हीर?" ती आणखी एक पाऊल पुढे आली. "तुमी नासल्यार माझें चेडूं खंयच पावचें नासलें. हें हांवें तुमकां केन्नाच सांगूंक ना. आज सांगतां."

सुधीरने इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने तोंड पुसले. मग त्याने इतक्या मोठ्याने म्हटले की वडावरचे कावळे उडाले.

"व्हय म्हाराजा!"

गोकुळदास वाकले आणि नारळ दगडापुढे ठेवला.

परतताना अंगणाच्या फाटकाशी कमलाक्षीचा फोन वाजला. पडद्यावर सेजल, गालावरचा काळा पट्टा तसाच, मागे कुणीतरी गात होते.

"आई, पळयलें? तिसरे आयले आमी! आजो खंय? आजोक दाखय." मग तिचा आवाज खाली आला. ती तयारी करून आली होती हे आईला कळले. "आई, हांव तिकीट काढतां आतां. शब्द आसा तो आसा. केन्नाचें काढूं, सांग."

कमलाक्षीने फोन दिरापुढे केला.  सुधीरने तिच्या हातातून फोन घेतला, लांब धरला आणि मघाशी टीव्हीवर ओरडला त्याच आवाजात म्हणाला, "सेजल, आयकता? येवपाचें काढ. म्हयनोभर राव, आवशीच्या हातचें खा. आनी परत वचपाचें तिकीट आतांच वांगडा काढून दवर गो, मागीर तीं म्हारग जातात."